काचेचेच जास्त

कुठलीही वस्तू हातात आली की ते आधी ती उलटी करायचे. पेन असो, पाण्याची बाटली असो, नाहीतर कुणाच्या लग्नात आहेर म्हणून आलेलं भिंतीवरचं घड्याळ असो. उलटी करून अंगठ्याचं नख तिच्या सांध्यावरून फिरवायचे. मग ती तळहातावर ठेवून हात जरासा खालीवर करायचे, कोबीचा गड्डा घेताना बायका करतात तसा. आणि डोळे बारीक करून सांगायचे, ‘‘प्लास्टिकचे पैसे काही नाहीत हो. काचेचेच जास्त.’’

तुमच्याही ओळखीत असा एखादा माणूस असेल, लग्नाच्या पंगतीत बसून चक्क्याचा आणि साखरेचा भाव वेगवेगळा काढणारा. अशा माणसाचा आधी राग येतो. मलाही आला होता. आपण नवी ओढणी घेऊन यावं आणि कुणीतरी तिची किनार उलटी करून बघावी, हे काय बरं वाटतं? पण ते ओढणीचं कौतुकच करत होते हे मला फार उशिरा कळलं. त्यांचं कौतुक उलट्या बाजूनं सुरू व्हायचं.

आम्ही त्यांना नुसतं ‘सर’ म्हणायचो. चिंचवडला एका शेडच्या वरच्या मजल्यावर आमचं काम चालायचं, पुस्तकं वाचायचं यंत्र जोडायचं. ई-बुक रीडर. पाटीएवढं असतं, आणि त्यात अख्खी लायब्ररी बसते असं आम्हाला पहिल्या दिवशी सांगितलं होतं. सर तिथे कॉस्टिंगला होते. म्हणजे एक यंत्र कितीला पडतं ते काढायचं, आणि मग ते कमी कसं पडेल ते शोधायचं. आधी ते स्कूटरचे सुटे भाग करणाऱ्या एका कारखान्यात होते. नव्या गाड्या आल्या, तो कारखाना बसला, सरांनी स्वेच्छानिवृत्ती घेतली आणि स्कूटरवरून थेट पुस्तकावर आले. ‘‘दोन्ही एकच,’’ म्हणायचे, ‘‘झाकण, बॅटरी, आणि ज्याचे पैसे जास्त ते बाहेरून येणार.’’

मी गोंदियाकडची. सातवीनंतर शाळा सुटली. आई आजारी होती, धाकटी बहीण हुशार होती, आणि दोघींपैकी एकीलाच शाळेत ठेवता येत होतं. माझा मावसभाऊ खडकीच्या बाजूला कंत्राटी कामावर होता. त्याच्या बोपोडीच्या खोलीवर मी आले आणि त्याच्याच ओळखीनं या कामाला लागले. बहीण तेव्हा नागपुरात नर्सिंग शिकत होती. तिचं शिक्षण माझ्या पगारावर चाललं होतं. हे मी रोज सकाळी उठल्यावर एकदा आणि शेडचा जिना चढताना एकदा मनाशी म्हणायची.

आमचा हॉल म्हणजे पेटीच. धूळ नको म्हणून खिडक्या कायमच्या बंद केलेल्या. पंखा नाही. दाराशी चिकट पायपुसणं, डोक्याला टोपी, मोबाईल बाहेरच्या कप्प्यात. आत गेलं की बाहेर ऊन आहे का आभाळ आलंय, काही कळायचं नाही. मला डोळ्यांत मावणार नाहीत एवढ्या धानाच्या बांध्यांची, मोकळ्या शेतांची सवय. सुरुवातीला माझा श्वास कोंडायचा. पण मी कुणाला सांगितलं नाही. श्वास कोंडतो असं सांगितलं आणि उद्यापासून नका येऊ म्हणाले तर?

सरांनी पहिल्याच दिवशी विचारलं, ‘‘कुठल्या आपण?’’

मी मागे वळून पाहिलं. मला वाटलं, माझ्या मागे कुणी मोठं माणूस उभं आहे.

‘‘अहो, तुम्हालाच विचारतोय.’’

‘‘गोंदियाची जी.’’

‘‘हे ‘जी’ फुकट असतं का तुमच्याकडे?’’

‘‘हो जी.’’

‘‘मग असू द्या. फुकटचं काढून टाकू नये.’’

तेव्हापासून मी ‘गोंदिया’ झाले. ‘‘अहो गोंदिया, आज काय म्हणतंय यंत्र?’’ माझ्यासारख्या मुलीला ‘अहो’ म्हणणारे ते पहिलेच. पुण्यात सगळेच म्हणतात, त्यात विशेष काही नाही, हे मला नंतर समजलं. तरी पहिल्यांदा ज्यानं म्हटलं तो लक्षात राहतोच.

एकदा त्यांनी बाजारात मिळणारं एक परदेशी यंत्र आणलं. जेवणाच्या सुट्टीत आम्हाला बोलावलं आणि कँटीनमधून एक खणांची स्टीलची थाळी मागवली. आम्हाला वाटलं, पार्टी. त्यांनी खिशातून पातळ पट्टी काढली, यंत्राच्या सांध्यात घातली आणि ते अलगद उघडलं. मग एकेक भाग काढून थाळीत वाढायला लागले. भाजीच्या खणात बॅटरी. भाताच्या जागी हिरवा बोर्ड. कोशिंबिरीच्या खणात बटणं. मिठाच्या जागी स्क्रू. आणि शेवटी दोन्ही हातांनी धरून, श्वास रोखून, वर स्क्रीन ठेवला. पातळ, फिक्कट, करडा, काचेचा.

‘‘आता सांगा,’’ सर म्हणाले, ‘‘या थाळीत महाग काय?’’

कुणी बॅटरी म्हटलं, कुणी बोर्ड.

‘‘पापड,’’ सर म्हणाले. ‘‘भाजी, भात, कोशिंबीर, वाढपी, सगळं एकीकडे आणि हा एवढा पापड एकीकडे.’’

माझ्या शेजारी शैला बसायची. माहेर लोणी काळभोरचं, सासर पिंपरीला. तिला बोलल्याशिवाय राहवायचं नाही. ‘‘मंग पापडच नका वाढू की सर! आमच्यात पाव्हण्याला पापड नसला तरी चालतंय.’’

‘‘पाहुणा पापडच खायला आलाय, शैलाबाई. भाजी-भात त्याच्या सोबतीला.’’

‘‘पर एवढा महाग का हाय त्यो?’’

‘‘कारण हा लाटता येणारी माणसं जगात थोडी. ती म्हणतील तो भाव. वर त्यांच्याकडे लाटताना मोडतात ना, त्या मोडक्या पापडांचे पैसेही आपल्या पापडात धरलेले असतात.’’

‘‘ह्ये बरंय त्यांचं!’’

‘‘बरंच आहे त्यांचं.’’ सरांनी तो स्क्रीन उजेडाकडे धरला. यंत्र उघडलं होतं, बॅटरी भाजीच्या खणात पडली होती, आणि तरी त्यावरचं इंग्रजी पान जसंच्या तसं दिसत होतं. आम्हाला चमत्कार वाटला. ‘‘टीव्हीसारखं नाही हे,’’ सर म्हणाले. ‘‘याला राहायला खर्च नाही. पान बदलायचं म्हटलं की करंट लागतो. नुसतं आहे तिथे राहायला काही लागत नाही.’’

‘‘आमच्या सासूबाई,’’ शैला म्हणाली. ‘‘बसल्या की बसल्या.’’

सर फार हसायचे नाहीत. त्या दिवशी मात्र त्यांनी थाळी खाली ठेवली, न जाणो हात हलेल म्हणून, आणि मग हसले. तेव्हापासून आमच्या हॉलमध्ये स्क्रीनला कुणी स्क्रीन म्हटलं नाही. ‘पापड आले का?’ ‘पापड सांभाळ गं!’ मालकसुद्धा एकदा फोनवर कुणाला तरी इंग्रजीत काही सांगता सांगता मध्येच ‘पापड’ म्हणून गेले.

माझं काम चाचणीचं. यंत्र जोडून आलं की पानं उलटायची आणि आधीच्या पानाची सावली मागे राहत नाही ना ते बघायचं. त्यासाठी यंत्रात एखादं मराठी पुस्तक हवं होतं. प्रकाशकांच्या परवानग्या यायच्या होत्या, तोवर मालकांच्या आत्याबाईंनी हौसेनं छापून घेतलेलं पाककृतींचं पुस्तक भरलं होतं. ब्राह्मणी स्वयंपाकाचं. त्यातलं निम्मं मी कधी पाहिलंही नव्हतं. पण प्रत्येक यंत्रात पानं उलटता उलटता एका पानावर मी थांबायची आणि ते वाचून घ्यायची. पुढच्या यंत्रात पुढचं पान. एका यंत्रात डाळ भिजत पडायची, दुसऱ्यात वाटून व्हायची, तिसऱ्यात फोडणीला जायची.

माझे बाबा दरवर्षी नागपूरला दीक्षाभूमीवर जायचे आणि येताना पुस्तकं आणायचे. गाडीत उभं राहायला जागा नसायची, पण पिशवी पोटाशी धरलेली. घरात धान्याच्या कोठीशेजारी पुस्तकांची पेटी होती. शाळा सुटल्यावर माझं वाचणंही सुटलं होतं, ते असं सुरळीच्या वड्यांवर येऊन पुन्हा सुरू झालं.

एक दिवस मान वर केली तर सर समोर.

‘‘काय चाललंय?’’

‘‘चाचणी जी.’’

‘‘चाचणीत ओठ हलत नाहीत.’’

 हातातलं यंत्र खाली ठेवावं की नको, ते सुचेना.

‘‘कुठवर आलात?’’

‘‘अळूवडीच्या उंड्यापर्यंत.’’

त्यांनी यंत्र घेतलं, उलटं केलं, सांध्यावरून नख फिरवलं आणि परत दिलं. ‘‘वाचा. यंत्र वाचण्यासाठी आहे, तर कुणीतरी वाचून बघायला हवं. तपासणीच्या वेळेत वाचण्याचा वेळ मी धरलेला आहे.’’

माझा आधी विश्वास बसला नाही. पण खरंच त्यांनी तो वेळ धरला होता. चाचणीला म्हणूनच दोघी होतो, मी आणि आणखी एक मुलगी. यंत्राच्या किमतीत माझ्या वाचण्याचे पैसे होते. कुठल्या तरी गिऱ्हाइकानं ते दिले असते.

सरांचं घर खडकीला. वडील दारूगोळा कारखान्यातून निवृत्त झालेले, आयुष्यभराच्या आवाजानं कान गेलेले. क्वार्टर सोडावी लागली तेव्हा त्यांनी हट्टानं त्याच रस्त्यावर भाड्याचं घर घ्यायला लावलं होतं. आई गेली होती, लग्न सरांनी केलं नव्हतं. ही सगळी माहिती त्यांनी कधी सांगितली नाही. ती आम्हाला जेवणाच्या सुट्टीत फोनवरून ऐकू यायची, कारण वडिलांशी बोलायचं म्हणजे जिन्यातून सगळ्या शेडला ऐकू जाईल असं.

‘‘बाबा, गॅस बंद केलात का? बटण उजवीकडे फिरवा. उजवीकडे! घड्याळ बांधता तो नाही, जेवता तो हात!’’

आम्ही सगळ्या आपापल्या जेवायच्या हाताकडे बघायचो.

एकदा ते स्क्रीन बनवणाऱ्या कंपनीचे लोक तैवानहून आले होते. सरांनी त्यांच्याशी भावावरून अशी काही घासाघीस केली की जाताना त्यांनी सरांनाच मागितलं. आमच्याकडे या, इकडच्या देशांचं काम तुम्ही बघा. मालकांनीच हे सगळ्यांना सांगितलं, कौतुकानं.

‘‘जाताय का सर?’’ शैलानं विचारलं.

‘‘बाबांचा व्हिसा खडकीपर्यंतच आहे.’’

‘‘आन् त्यास्नी हितंच ठिवून गेलात तर? बाई ठिवायची एखादी.’’

सर डबा खात होते. त्यांनी डब्याचं झाकण उलटं केलं, कडेवरून नख फिरवलं. ‘‘हा खर्च कमी होत नाही,’’ म्हणाले. ज्या आवाजात काचेबद्दल बोलायचे त्याच आवाजात. 

मालक तरुण होते, अमेरिकेतून परत आलेले. सगळ्यांना ‘टीम’ म्हणायचे, वाढदिवसाला केक आणायचे. माणूस वाईट नव्हता. त्यांनी लोणी काळभोरच्या बाजूच्या एका शिक्षणसंस्थेला यंत्रं द्यायचं ठरवलं होतं आणि उत्साहात भाव सांगून बसले होते. त्या भावात यंत्र बसत नव्हतं. बसवायचं काम सरांचं. नाही बसलं तर चीनमधून तयार यंत्रं आणायची, वर आपलं नाव चिकटवायचं, आणि जोडणीचा हॉल बंद, असं मालकांनी स्पष्ट सांगितलं होतं.

मग सर कमी करायला लागले. चार्जर खोक्यातून गेला. कापडी पिशवी गेली. रंगीत खोकं जाऊन एका रंगाचं आलं. कोपऱ्यांतले स्क्रू गेले, त्या जागी प्लास्टिकचे खटके आले. ते रोज एक भाग हातात घेऊन फिरायचे, उलटा करायचे, तोलायचे, परत ठेवायचे. आणि इकडे डॉलर चढायचा आणि काच आणखी महाग व्हायची. आठवडाभर झटून वाचवलेले पैसे काच एका सकाळीत खाऊन टाकायची. ‘‘चारी बाजूंनी भिंत आहे हो,’’ एकदा माझ्या टेबलाशी उभे राहून ते म्हणाले, ‘‘आणि त्यातली एक काचेची. पलीकडचं दिसतं, एवढंच.’’

त्यानंतर एका दुपारी मालक हॉलमध्ये आले. माझ्या टेबलापाशीच उभे राहिले.

‘‘सर, टेस्टिंगला दोघी कशाला? एक कमी केली की बसतंय आपलं.’’

शेवटी आलेली मी. कमी होणारी एक कोण ते सांगायची गरज नव्हती. मी समोरच्या यंत्राची पानं उलटत राहिले. कुठलं पान होतं ते आजही सांगता येणार नाही, दिसतच नव्हतं.

‘‘पाहतो,’’ सर म्हणाले.

‘‘पाहतो नको सर. आज फायनल करू.’’

‘‘उद्या सकाळी सांगतो.’’

संध्याकाळी मी लोकलनं खडकीला उतरले. सर पुढे चालले होते. मी मागे मागे. विचारावं असं शंभरदा मनात आलं, आणि विचारलं की ते खरं होईल असंही वाटलं. बहिणीचं निम्मं शिक्षण झालं होतं, निम्मं राहिलं होतं. निम्मी नर्स काय करते? स्टेशनबाहेरच्या बेकरीपाशी सर थांबले, पावाची लादी घेतली, उलटी करून पाहिली. तेवढ्यात त्यांना मी दिसले.

‘‘उद्या या,’’ म्हणाले. ‘‘नेहमीच्या वेळेला.’’

एवढंच. कामावर या, की हिशेब न्यायला या, ते काही बोलले नाहीत. मी रात्रभर त्या दोन शब्दांची उलथापालथ केली.

सकाळी गेले तर माझं टेबल जागेवर होतं. दुसरीचंही होतं. शैला मात्र हात कमरेवर ठेवून उभी. तिच्या टेबलावर रोज काळ्या फोमच्या बारीक पट्ट्यांचा ट्रे असायचा. स्क्रीनच्या मागे, चारी कडांना ती त्या चिकटवायची, काचेला हादरा बसू नये म्हणून. तो ट्रे नव्हता.

‘‘आजपासून फोम नाय म्हनं,’’ ती म्हणाली. ‘‘सरांनी काढला.’’

मी सरांकडे पाहिलं. ते कुणाशी तरी फोनवर बोलत होते आणि टेबलावरचा स्टेपलर उलटा करत होते. त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. दुपारी चहाच्या वेळी म्हणाले, ‘‘काय गोंदिया, अळूवडी झाली का?’’

‘‘झाली जी.’’ 

‘‘मग पुढचं घ्या.’’

संस्थेत यंत्रं दाखवायला न्यायची होती. मालक आपल्या गाडीनं पुढे गेले. सर, मी आणि यंत्रांचं खोकं भाड्याच्या जीपमधून. पानं उलटून दाखवायला म्हणून मला घेतलं होतं. शैलानं सांगितलं होतं, ‘‘आमच्या माहेराला चाललीस, वाटेत गुळाची ढेप मिळाली तर आन.’’ खोकं मी मांडीवर घेतलं होतं. सोलापूर रस्त्यावर तेव्हा काम चालू होतं. गाडी खड्ड्यातून निघायची ती गतिरोधकावर चढायची. दर वेळी पुढून सर म्हणायचे, ‘‘सावकाश, अहो सावकाश. मागे पापड आहेत.’’ ड्रायव्हरला वाटलं, खरंच पापड आहेत. ‘‘उडदाचे का नागलीचे?’’ त्यानं विचारलं. ‘‘तैवानचे,’’ सर म्हणाले. पण हसले नाहीत. त्यांचा एक हात मागे, खोक्यावर होता. जाताना सगळा रस्ता तो तसाच होता. मी दोन्ही हातांनी खोकं धरलेलं आणि ते एका हातानं. आम्ही दोघं मिळून फोमचं काम करत होतो.

संस्थेच्या सभागृहात शिक्षक बसले होते. मालक छान बोलले. दप्तराचं ओझं, झाडं, कागद, नवा काळ. मग मी एकेक यंत्र वाटलं. पहिल्या रांगेत एक वयस्कर बाई होत्या, मराठीच्या असाव्यात. त्यांनी चष्मा लावला, बटण दाबलं आणि कौतुकानं मोठ्यांदा वाचायला लागल्या, ‘‘‘उंडे चाळणीत ठेवावेत. झाकण ठेवून एक वाफ आणावी...’’’ पुढे थांबल्या. ‘‘पुढे?’’

मी जवळ गेले. अर्ध्या स्क्रीनवर आत्याबाईंची अळूवडी होती आणि कोपऱ्यातून निघालेल्या काळ्या रेघांनी उरलेला अर्धा भरला होता. बटण दाबलं तरी वरचं पान हलेना. वरून बोट फिरवलं तर सगळं गुळगुळीत. तडा आतल्या काचेला होता.

‘‘पुढे काय?’’ बाईंनी मला विचारलं. मला पुढचं पाठ होतं. वाफ आल्यावर गार करून वड्या पाडाव्यात. मी तेही सांगू शकले नाही. मागच्या रांगांतून आणखी हात वर येत होते.

परत आल्यावर हॉलमध्येच बोलणं झालं. मालकांनी एक यंत्र उघडायला लावलं होतं.

‘‘फोम कुठे आहे?’’

‘‘मी काढला,’’ सर म्हणाले.

‘‘कुणाच्या सांगण्यावरून?’’

‘‘कुणाच्याच नाही. एक कमी करायचं होतं. मी फोम केला.’’

मालकांनी एकदा माझ्याकडे पाहिलं. त्यांच्या लक्षात आलं असावं. मघाशी म्हटलं तसं, माणूस वाईट नव्हता. पण ऑर्डर गेली होती. महिनाअखेरीला सरही गेले. जाताना टेबलाचा खण रिकामा केला, पातळ पट्टी खिशात घातली आणि ती स्टीलची थाळी शैलाच्या हातात दिली. ‘‘कँटीनची आहे,’’ म्हणाले. ‘‘धुऊन द्या.’’

पुढचं मला नीट सांगता येत नाही. हॉल बंद झाला. शैला आणि जोडणीच्या बाकी सगळ्या जणी गेल्या. चीनमधून तयार यंत्रं आली, आमचं नाव चिकटवून. पण त्यात मराठी अक्षरं नीट उमटत नव्हती, वेलांट्या कुठेही जात होत्या. म्हणून तपासायला माणसं हवी होती, ओठ हलवत वाचणारी. आम्हा दोघींना मालकांनी हिंजवडीच्या ऑफिसात नेलं. जिथून एक कमी करायची होती, तिथल्याच दोघी तेवढ्या राहिल्या. पुढे ती यंत्रंही मोबाईलपुढे टिकली नाहीत. तोवर मी तपासणीचं दुसरं काम शिकले होते, आणि बहीण पूर्ण नर्स झाली होती.

सरांची नोकरी गेल्यावर लगेचच्या एका रविवारी मी त्यांच्याकडे गेले होते. स्टोअरमधून मागून घेतलेलं ते यंत्र बरोबर होतं, बाईंच्या हातात होतं तेच. भंगारातच जायचं होतं. दार वडिलांनी उघडलं. मी कोण ते त्यांना कळलं नाही, पण मोठ्यांदा ‘‘या, या’’ म्हणाले. आत सर जमिनीवर वर्तमानपत्र पसरून मिक्सर उघडून बसले होते. आसपासच्या घरांतून असं काही ना काही दुरुस्तीला यायला लागलं होतं.

मी वाटेत सगळं पाठ केलं होतं. समोर गेल्यावर एवढंच आलं, ‘‘सर, तुमचे उपकार झाले जी.’’

‘‘कसले?’’

‘‘फोमचे.’’

त्यांनी मिक्सरचं पातं वर्तमानपत्रावर ठेवलं. ‘‘उपकार वगैरे काही नाहीत. चूक झाली. मी फोमची किंमत कमी धरली.’’ पातं पुन्हा उचलत म्हणाले, ‘‘तुमची जास्त धरली असं समजू नका. तुमची बरोबर धरली होती.’’

मी यंत्र पुढे केलं. त्यांनी ते सवयीनं उलटं केलं, सांध्यावरून नख फिरवलं, सुलटं केलं. वाफ अजून यायचीच होती.

‘‘ठेवा तुमच्याकडे,’’ म्हणाले. ‘‘याला राहायला खर्च नाही.’’

तेवढ्यात वडिलांनी चहाचं विचारलं आणि सरांनी तीन बोटं दाखवली. चहा वडिलांनीच केला. गॅस त्यांनी जेवायच्या हातानं बंद केला, मी पाहत होते.

आता मी विश्रांतवाडीला राहते. कंपनीची बस खडकीवरून जाते. गारेगार बस, तिच्या काचा उघडत नाहीत. बाहेरचा आवाज आत येत नाही आणि आतला बाहेर जात नाही. खिडक्या बंद असलेल्या जागी मला अजून जड जातं, पण नोकरी अशीच काचांमागची आहे, आणि चांगली आहे, हेही मी रोज मनाशी म्हणते.

अलीकडेच एका सकाळी बाजारापाशी बस अडकली. फुटपाथवर बॅटऱ्या, घड्याळं, चार्जर मांडून एक माणूस बसला होता, आणि त्याच्यासमोर सर उभे होते. केस पांढरे झालेले. शेजारी वडील, त्यांच्या दंडाला धरून. सरांच्या हातात एक टॉर्च होता. त्यांनी तो उलटा केला.

मी काचेवर टकटक केलं. मग मुठीनं वाजवलं. शेजारची मुलगी कानातले इअरफोन काढून माझ्याकडे बघायला लागली. सरांनी मान वर केली, पण माझ्याकडे नाही. त्यांनी बस पाहिली. पुढच्या खिडकीपासून मागच्या खिडकीपर्यंत, सांध्यासांध्यावरून, सावकाश नजर फिरवली. मग डोळे बारीक केले, वडिलांकडे वळले आणि काहीतरी बोलले. काय, ते मला ऐकू आलं नाही. तुम्हालाही आता ते ऐकायची गरज नाही.

बस हलली. वडिलांनी कानामागे हात धरला होता, आणि सर टॉर्च तळहातावर तोलत तेच पुन्हा, मोठ्यांदा सांगत होते.